वज्रदंतचा सख्खा मामा

महताब टॉकीजचे डोअरकीपर सांडूकाका यांनी सदतीस वर्षांत दीड-दोन हजार सिनेमे पाहिले, आणि त्यातला एकही पूर्ण पाहिला नाही. यात त्यांचा दोष नव्हता. कामच तसं होतं. खेळ सुरू झाला की उशिरा येणाऱ्यांना बॅटरीच्या उजेडात जागेवर नेऊन बसवायचं, म्हणजे पहिली दहा मिनिटं आत. मग दार ओढून बाहेर स्टुलावर. इंटरव्हलच्या जरा आधी दारांवरचे पडदे बाजूला करायला पाच मिनिटं आत. आणि शेवटी, गर्दी एकदम बाहेर यायच्या आधी दारं उघडायला सात-आठ मिनिटं आत. उरलेला सिनेमा भिंतीपलीकडे चालू असायचा आणि सांडूकाका भिंतीअलीकडे तंबाखू मळत असायचे. मधे काय झालं, हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. सुरुवात कळली, मध्यंतर कळलं, शेवट कळला. एवढ्यावरून जे कळत नाही ते कळण्यासारखं नसतंच, असं त्यांचं मत होतं.

महताब गुलमंडीच्या बाजारपेठेच्या मागच्या अंगाला, साड्यांच्या दोन दुकानांमधल्या बोळात आहे. मालक सुदर्शन काळवणे. त्यांच्या वडिलांनी पैठण रस्त्याची जमीन विकून ही टॉकीज घेतली, आणि जुन्या मालकाने ठेवलेलं नाव तसंच राहू दिलं, कारण पाटी चांगली होती. सुदर्शनशेठना या धंद्यातलं सगळ्यात जास्त काही आवडत असेल तर तो अंधार. रोज तीनच्या खेळाला ते मागून दुसऱ्या रांगेत बसत आणि पडद्याऐवजी पुढच्यांची डोकी बघत. सगळी डोकी एकदम हलली की त्यांना बरं वाटे. अलीकडे मात्र हलायला डोकीच उरली नव्हती.

त्यांची मुलगी श्रेया पुण्यात एका कंपनीत होती. लोक घरी बसून मोबाइलवर काय बघतात आणि कितव्या मिनिटाला झोपतात, याचा अभ्यास ती कंपनी करत असे. असल्या गोष्टीचा पगार मिळतो हे सांडूकाकांच्या बायकोला, भामाबाईला, शेवटपर्यंत पटलं नाही. भामाबाई महताबचं कँटीन चालवत आणि कोण कितव्या मिनिटाला झोपतो हे त्यांना फुकटात माहीत होतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर श्रेया आठ-दहा दिवसांसाठी घरी आली, ती एक प्रस्ताव घेऊनच. जालना रोडचा एक कंत्राटदार महताबचं वातानुकूलित मंगल कार्यालय करायला तयार होता. खुर्च्या काढायच्या, उतार भरून घ्यायचा, पडद्याच्या जागी स्टेज. सुदर्शनशेठ ऐकत राहिले. मंगल कार्यालयात दिवे सतत चालू असतात, आणि मालकाला परक्यांच्या लग्नात दारात हात जोडून उभं राहावं लागतं. या वयात एवढ्या उजेडात उभं राहणं आपल्याला झेपेल असं त्यांना वाटत नव्हतं. पण असं कारण मुलीला सांगता येत नाही. म्हणून ते म्हणाले, शुक्रवारी 'वज्रदंत'चा चौथा भाग लागतोय, तो चालेल.

'वज्रदंत' हे नाव दंतमंजनाचं वाटलं तरी सिनेमा मारामारीचा होता. पहिला भाग महताबमध्ये अकरा आठवडे चालला. दुसरा पाच आठवडे. तिसरा अकरा दिवस. श्रेयाने हे तीन आकडे कागदावर एकाखाली एक लिहिले आणि चौथा भाग अडीच दिवस चालेल असं सांगितलं. तिचं म्हणणं सरळ होतं. पहिला भाग लोकांनी थिएटरात पाहिला, दुसरा निम्म्यांनी पाहिला, तिसरा घरी भाजी निवडता निवडता पाहिला. आता ते तीन भाग तीन वेगवेगळ्या ॲपवर आहेत, आणि तिन्ही ॲप एकाच घरात आहेत असं घर अख्ख्या गारखेड्यात तिला सापडलं नव्हतं. मागचं कुणाला आठवत नाही, आणि पुढचं आठ आठवड्यांनी घरीच येणार. पक्के चाहते शुक्रवारी येऊन जातील. सोमवारी कोण येणार?

"नव्या माणसाला आत शिरायला दारच नाही, पप्पा," ती म्हणाली.

चहा घेऊन आलेले सांडूकाका थबकले. "ताई, दार हाय की," ते म्हणाले. "नायतर मी सदतीस वर्षं काय उघडतोय?"

शेवटी बापलेकीत असं ठरलं की, 'वज्रदंत ४'ला पहिल्या सात दिवसांत सरासरी निम्मी टॉकीज भरली, तर मंगल कार्यालयाचं नाव काढायचं नाही. नाही भरली, तर पुढच्या शुक्रवारी कंत्राटदाराच्या कागदांवर सही. खुर्च्या चारशे ऐंशी. त्यातल्या चौदा मोडक्या आहेत, त्या धरू नयेत अशी सुदर्शनशेठनी विनंती केली. ती मान्य झाली.

शुक्रवारी बाराच्या खेळाला शंभरेक माणसं आली आणि सिनेमा सुरूच होईना. हल्ली सिनेमा पत्र्याच्या पेटीतून येत नाही. तो आधीच येऊन मशीनमध्ये पडलेला असतो, पण कुलूपबंद, आणि कुलपाची किल्ली मुंबईहून ई-मेलने येते. त्या दिवशी किल्ली आली नव्हती. ऑपरेटर फोन लावत होता, सुदर्शनशेठ घाम पुसत होते, आणि आत शिट्ट्या सुरू झाल्या. लोकांना गप्प करायला सांडूकाका बॅटरी घेऊन पडद्यासमोर उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच ते सिनेमाच्या बाजूने लोकांकडे बघत होते.

तिसऱ्या रांगेत धम्मपाल बसला होता. वाळूजला गिअर बनवणाऱ्या कारखान्यात असतो, पहिल्या भागापासूनचा वज्रदंतवाला. तो ओरडला, "काका, तवर मागचं तरी सांगा. तिसऱ्या भागात मी झोपलो होतो."

सांडूकाकांनी जरा विचार केला. तिन्ही भागांची सुरुवात, मध्यंतर आणि शेवट त्यांनी दिवसातून चार वेळा पाहिला होता, आणि तो पाठ होता.

"पहिल्या भागात एक बाई हाय," त्यांनी सुरुवात केली. "नदीकाठी लेकरू ठेवती आन् रडत निघून जाती. हे सुरुवातीला. शेवटी ते लेकरू मोठं झालेलं, हातात पिस्तूल, समोर मिशीवाला. पोरगा म्हणतो, मामा, कहानी अभी बाकी है. मिशीवाल्याच्या डोळ्यात पाणी. आता मला सांगा, मिशीवाला कोण?"

"मामा," कुणीतरी म्हणालं.

"मामा. म्हंजे त्या बाईचा सख्खा भाऊ. मग बाईनं लेकरू नदीकाठी का ठेवलं? भावानं घरात घेतलं नाय म्हणून."

टॉकीज शांत झाली. पहिला भाग अकरा आठवडे बघूनही हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

पुढे सांडूकाकांना थांबवायचं कारण उरलं नाही. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला मिशीवाल्याच्या बंगल्यात एक मुलगी केस वाळवत असते आणि शेवटी ती वज्रदंतच्या मोटारसायकलवर असते. म्हणजे मामाची मुलगी, हक्काची. मामा देत नाही, कारण बहिणीचे दिवस फिरले आणि भाचा फाटका निघाला. मध्यंतराला वज्रदंत जेलमध्ये असतो आणि शेवटी बाहेर. मधे तो कसा सुटला, हे सांडूकाकांनी सविस्तर सांगितलं. त्या जेलला हर्सूलच्या जेलसारखी भिंत होती, मागे हर्सूलसारखाच तलाव होता, आणि तलावाकाठी म्हशी धुणाऱ्या एका माणसाने वज्रदंतला म्हशींच्या मधून नेलं होतं. तिसऱ्या भागात मांडव पेटतो. का पेटतो? मानपानावरून. मामाने भाच्याला आहेर केला तो लांडा, म्हणजे आखूड कापडाचा निघाला. "पेटलेला मांडव मी सोता बघितलाय," सांडूकाका म्हणाले, आणि ते खरंच होतं.

"आता हितनं पुढं चौथा भाग," ते म्हणाले, तोवर किल्ली आली आणि दिवे गेले.

लोकांनी सिनेमा पाहिला, पण आता तो वेगळाच सिनेमा झाला होता. मध्यंतराला वज्रदंत मिशीवाल्याला गोळी घालतो. मुंबईत या जागी शिट्ट्या पडतील असा कंपनीचा अंदाज होता. महताबमध्ये शंभर माणसं एकदम गप्प झाली. दिवे लागले तरी कुणी उठलं नाही. मग एकेक जण पाय ओढत बाहेर आला आणि कँटीनसमोर उभा राहिला. भामाबाईंनी दीडशे समोसे तळून ठेवले होते. त्यातले अकरा गेले.

"काय सांगितलं त्यांना आत?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. "सख्खा मामा गेल्यावर कोण समोसा खाणार? नुसता च्या मागायलेत."

सहाच्या खेळाला लोकांनी दारातच विचारलं की काका आधी मागची गोष्ट सांगणार ना. सुदर्शनशेठनी श्रेयाकडे पाहिलं. श्रेयाने खांदे उडवले. काकांनी सांगितली. त्या दिवशी टॉकीज सरासरी शंभरात अडतीस भरली.

शनिवारी सकाळी वाळूजच्या शिफ्टच्या बसमध्ये धम्मपालने सगळी हकीकत पुन्हा सांगितली. ॲपवर तिसरा भाग पूर्ण पाहिलेले दोघे जण त्या बसमध्ये होते. त्यांनी आहेराची भानगड आपल्या नजरेतून सुटली असावी असं कबूल केलं. शनिवारी सत्तेचाळीस. रविवारी बायका आल्या. मारामारीच्या सिनेमाला महताबमध्ये बायका येत नसत. पण हा मामा-भाच्याचा सिनेमा आहे अशी बातमी शहरभर, टी. व्ही. सेंटरपासून चिकलठाण्यापर्यंत गेली होती. एका कुटुंबाने तर चार वर्षं न बोलणारा आपला मामा सोबत आणला आणि त्याच्या व भाच्याच्या मधे आजीला बसवलं. रविवारी चौऱ्याहत्तर. सोमवारी, श्रेयाच्या कागदावर बाराचा अंदाज लिहिला होता त्या दिवशी, पंचावन्न.

श्रेयाने तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. तिला हरल्याचं दुःख नव्हतं. न समजल्याचं होतं. मंगळवारी ती तीनच्या खेळाला वडिलांशेजारी जाऊन बसली. ते डोकी बघत होते, तीही डोकी बघू लागली. "कितव्या मिनिटाला झोपतात?" त्यांनी हळूच विचारलं. कुणी झोपत नव्हतं.

त्याच दिवशी सहाच्या सुमाराला मुंबईहून अभय आला. सिनेमा वाटणाऱ्या कंपनीचा माणूस, तिशीचा, नम्र, पाठीला सॅक. सोमवारी अख्ख्या राज्यात 'वज्रदंत ४' आपटला होता आणि फक्त एका टॉकीजमध्ये शुक्रवारच्याही वर होता. तिथे एक तर मशीन बिघडलं असावं किंवा माणसं बिघडली असावीत, एवढं बघून यायला त्याला पाठवलं होतं. त्याला सांडूकाकांनीच जागेवर नेऊन बसवलं. मग ते पडद्यासमोर गेले आणि त्यांनी गोष्ट सुरू केली. अभय पहिल्या भागापासून या सिनेमाच्या जाहिरातीचं काम करत होता. त्याने चारही भाग मिळून चाळीस वेळा तरी पाहिले होते. मांडवापर्यंत ऐकल्यावर तो उठून ऑफिसात आला आणि त्याने पाणी मागितलं.

सिनेमा सुरू करून सांडूकाकाही आले. ऑफिसात सुदर्शनशेठ आणि श्रेया होते.

"काका, तो त्याचा मामा नाहीये," अभय म्हणाला.

"मग पोरगा मामा का म्हणतो त्याला?"

"तो इन्स्पेक्टर आहे. पोलिसाला मामा म्हणतात."

"म्हणत्यात की. आपल्या क्रांती चौकातबी म्हणत्यात. पण वर्दी कुठंय?"

"मधे आहे. तिन्ही भागांत. इंटरव्हलच्या आधी अर्धा तास आणि नंतर पाऊण तास तो वर्दीतच असतो. शेवटी सस्पेंड होतो म्हणून साधे कपडे."

सांडूकाकांनी हातातली बॅटरी विझवली.

"तवा मी भाईर असतो," ते म्हणाले.

अभयने मग हळुवारपणे बाकीचं सांगितलं. ती मुलगी मिशीवाल्याची आहे, पण वज्रदंतची मामेबहीण वगैरे काही नाही. मांडव गॅसची टाकी फुटून पेटतो. जेलमधून वज्रदंत सुटतो तो हेलिकॉप्टरने. म्हशी कुठेच नाहीत. आणि कंपनीचा नियम असा की, पडद्यासमोर सिनेमाबद्दल कंपनीने मंजूर न केलेलं काही सांगता येत नाही. पुढचा भाग द्यायचा की नाही हेही त्यावर ठरतं. त्याने सॅकमधून एक पेनड्राइव्ह काढला. त्यात मागच्या तीन भागांची नव्वद सेकंदांची मंजूर झालेली गोष्ट होती.

बुधवारी ती दाखवली. नव्वद सेकंदांत सत्तावीस स्फोट झाले, मिशीवाला चार वेळा वर्दीत दिसला, आणि संपल्यावर प्रेक्षकांतून कुणीतरी विचारलं की सिनेमा संपला का. सांडूकाका स्टुलावरून उठले नाहीत. काका सांगत नाहीत असं कळल्यावर बोळाच्या तोंडाशी आलेले लोक साड्यांच्या दुकानात शिरले. मंगळवारी एकसष्ट भरले होते, त्या दिवशी एकोणीस.

संध्याकाळी श्रेयाने हिशेब मांडला. गुरुवारी छप्पन तरी लागणार होते. आठवडाभर भरत आलेली टॉकीज एका दिवसात पुन्हा रिकामी झाली, आणि शेवटचा दिवस उरला. सुदर्शनशेठ तिकीट खिडकीतून रिकाम्या बोळाकडे बघत होते. मग ते स्टुलापाशी गेले. अभय उद्या संध्याकाळपर्यंत इथे आहे, ते म्हणाले. पण दुपारी बाराला आणि तीनला तो लेणी बघायला जाणार आहे. तेवढ्या दोन खेळांना जुनी गोष्ट सांगितली तर कुणाला कळणार नाही. एवढं बोलून त्यांना स्वतःचीच लाज वाटली आणि ते छताकडे बघू लागले.

"शेठ, माझ्या हातनं चूक झालीया," सांडूकाका म्हणाले. "एका भल्या माणसाला मी बहिणीला घराभाईर काढणारा केलं. चार-पाच हजार लोकांसमोर. आता परत त्येच सांगू व्हय?"

"तो भला नाहीये, काका. तो व्हिलन आहे."

"व्हिलन आसंल. पण बहिणीच्या बाबतीत त्याचं काय चुकलेलं नाय. ते मला उद्या सांगावं लागंल."

सुदर्शनशेठनी हो म्हटलं. चूक सुधारायला अभयचीही हरकत नव्हती. कंपनीच्या नियमात खरं सांगायला मनाई नव्हती, ते कुणी सांगेल अशी कल्पनाच कंपनीने केली नव्हती. गुरुवारी सकाळी सांडूकाकांनी खेळांच्या वेळा लिहायच्या फळ्यावर खडूने लिहिलं: 'सहा आणि नऊच्या खेळाआधी सांडू आपली चूक कबूल करील.' बारा आणि तीनला कबुली नव्हती, कारण तेवढा वेळ काय बोलायचं ते ठरवायला हवं होतं. बाराला वीस भरले, तीनला एकेचाळीस. सुदर्शनशेठ मागून दुसऱ्या रांगेत बसले खरे, पण त्या दिवशी त्यांनी डोकी मोजली नाहीत.

दुपारी धम्मपाल तिकीट काढायला आला, त्याने फळा वाचला आणि त्याचा फोटो शिफ्टच्या ग्रुपवर टाकला. खाली एवढंच लिहिलं: मामाचं काहीतरी निघालंय.

साडेपाचला बोळ भरला. सहाला टॉकीज भरली. उशिरा आलेले मोडक्या खुर्च्यांवर तोल सांभाळत बसले. पेरूच्या पाट्या विकून आलेल्या भागूबाई दुसऱ्यांदा आल्या होत्या. रविवारी त्यांनी सिनेमा पाहिला होता आणि मामा गेला तेव्हा पदर डोळ्याला लावला होता. अभय मागच्या दाराशी उभा राहिला.

सांडूकाका पडद्यासमोर गेले. टोपी काढली. जे होतं ते सरळ सांगितलं: मी डोअरकीपर माणूस, मधला सिनेमा मी बघत नाही, मिशीवाला पोलीस आहे, वज्रदंत त्याला मामा म्हणतो तो पोलीस म्हणून. तो सख्खा नाही. आहेर, म्हशी, सगळं माझ्या मनाचं. माफ करा.

टॉकीजमध्ये कुजबुज झाली. मग भागूबाई उभ्या राहिल्या.

"म्हंजे सख्खा नाय?"

"नाय बाई. पोलीस मामा."

"मग पहिल्या भागात शेवटी डोळ्यात पाणी कुणाच्या आलं?"

"त्याच्याच."

"समोर पिस्तूल धरल्यालं असताना? पिस्तूल धरल्यावर माणसाला घाम येतो. पाणी येतं ते आपल्या माणसाला बघून." त्यांनी आजूबाजूला पाहिलं, आणि बायकांच्या रांगेने माना हलवल्या.

"पण वर्दी हाय त्याला," सांडूकाका म्हणाले. "मधी. साहेबांनी बघितलीय."

धम्मपाल उठला. "काका, वर्दी असू द्या. पोलिसाला बहीण नसती का? माझा सोताचा मामा पोलिसात हाय. मी काय त्याला दोनदा मामा म्हणू?"

लोक हसले, आणि मग सगळे मागे वळून अभयकडे बघू लागले. खरं काय ते मुंबईच्या माणसाला माहीत असणार.

"साहेब, तुम्ही चार भाग बघितलेत," भागूबाई म्हणाल्या. "त्या बाईला भाऊ नव्हता, असं कुठं सांगितलंय का?"

अभयने चारही भाग मनातल्या मनात सुरुवातीपासून फिरवले. चारशे लोक थांबले. तो प्रामाणिक मुलगा होता.

"नाही," तो म्हणाला. "तसं कुठं सांगितलेलं नाही."

"तिचं माहेर कुठलं, दाखवलंय?"

"नाही."

"मग झालं," भागूबाई म्हणाल्या आणि बसल्या.

टाळ्या पडल्या. सांडूकाका टोपी हातात घेऊन उभेच होते. चूक कबूल करायला आलेल्या माणसाला लोकांनी चूक परत दिली तर त्याने काय करावं, याचा त्यांना अनुभव नव्हता. "मग सांगू का पुढचं?" त्यांनी विचारलं, लोकांना नव्हे, दाराजवळच्या अभयला. अभयने मान डोलावली. चाळीस वेळा सिनेमा पाहून त्या बाईचं माहेर कुठलं असेल हा प्रश्न त्याला पडला नव्हता, आणि आता तो पडला होता. सांडूकाकांनी गोष्ट नव्याने सांगितली. या वेळी मामा पोलीसही होता आणि सख्खाही. त्यामुळे कर्तव्य एकीकडे आणि बहीण दुसरीकडे असं होऊन बसलं, आणि मध्यंतराला जेव्हा गोळी सुटली तेव्हा मागच्या रांगांतून हुंदके आले. भामाबाईंनी त्या दिवशी समोसे तळलेच नव्हते. चहाची तीन पातेली गेली.

अभय नऊचा खेळ सुरू होण्याआधी निघाला. त्याच्या अहवालात 'वाढीचं कारण' असा एक रकाना होता. त्यात त्याने 'नातेसंबंध' लिहिलं, श्रेयाला दाखवलं, आणि हे मराठीत बरोबर आहे ना असं विचारलं. पेनड्राइव्ह तो ऑफिसातच विसरून गेला. श्रेयाच्या मते तो विसरला नव्हता.

शुक्रवारी सकाळी ती आकडे घेऊन बसली. गुरुवारचे साठ झाले होते. सात दिवसांची सरासरी साडेपन्नास. सुदर्शनशेठ समोर बसले होते आणि पेपर वाचत असल्यासारखं करत होते. पेपर कालचा होता.

"साडेपन्नास, पप्पा."

"म्हणजे वर?"

"अर्ध्याने वर."

त्यांनी कालचा पेपर नीट घडी करून ठेवला, आणि मुलीने कंत्राटदाराला फोन लावला तो ऐकायला लागू नये म्हणून आत जाऊन ऑपरेटरशी उगाचच बल्बविषयी बोलले. फोन थोडक्यात झाला. कंत्राटदाराने विचारलं, की मग पुन्हा कधी विचारू? श्रेया म्हणाली की चालू असलेल्या सिनेमाचा कितवा भाग शेवटचा असतो ते अजून कुणाला सांगता आलेलं नाही.

आतून आल्यावर सुदर्शनशेठनी विचारलं की पुढे काय लावायचं. येत्या शुक्रवारी, श्रेया म्हणाली, बर्फात राहणाऱ्या एका शिकाऱ्याचा सहावा भाग आहे, इंग्रजीवरून हिंदीत केलेला. आधीचे पाच महताबला लागलेले नाहीत. म्हणजे सांडूकाकांना त्यांची सुरुवातही माहीत नाही. तेव्हा तिने तिची सुट्टी चार दिवस वाढवली, ऑफिसातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवला, सांडूकाकांना समोर खुर्ची दिली आणि पहिला भाग लावला.

सांडूकाकांनी आयुष्यातला पहिला पूर्ण सिनेमा पाहिला. दहा मिनिटं झाल्यावर ते सवयीने उठून बाहेर गेले आणि श्रेयाने त्यांना परत आणून बसवलं. मध्यंतर कुठेच आलं नाही म्हणून ते जरा बेचैन झाले. बाकी सगळं त्यांनी हात मांडीवर ठेवून, डोळे न मिटता पाहिलं. दोन तास दहा मिनिटांनी सिनेमा संपला.

"कसा वाटला?" श्रेयाने विचारलं.

"चांगला हाय. पण मधी लई लांबवलाय." त्यांनी लॅपटॉपकडे बोट दाखवलं. "ताई, त्या शिकाऱ्याला लहानपणापासून सांभाळती, केसाळ कोट घातल्याली बाई. ती कोण त्याची?"

"आंटी म्हणतो तो तिला."

"ते ऐकलं मी. पण आत्या का मावशी?"

श्रेयाने हिंदी पाहिली, मग इंग्रजी लावून पाहिली. कुठेच सांगितलेलं नव्हतं.

"मावशी," सुदर्शनशेठ दारातून म्हणाले. "आत्या एवढं करत नाही."

"पप्पा, आत्या संध्याकाळी जेवायला येणार आहे आपल्याकडे."

सुदर्शनशेठ दारातून मागे सरले. सांडूकाका खिडकीबाहेर बोळाकडे बघत विचार करत होते. काकू असेल तर जमिनीची वाटणी आली, मामी असेल तर मामा कुठे गेला ते सांगावं लागणार. आणि भागूबाई पहिल्या रांगेत असणार हे धरूनच चालायचं होतं.

"दुसरा भाग लावा, ताई," ते म्हणाले. "शुक्रवारपर्यंत ठरवावं लागंल."